‘नंतर’वाले नाना

खानदेशातल्या प्रत्येक गावात एक नाना असतात आणि हल्ली त्यांच्या हातात टॅब असतो. तो त्यांनी विकत घेतलेला नसतो. पुण्याच्या मुलाने स्वतःसाठी नवा घेतला, जुना एस.टी.ने गावी आला, आणि ‘मोठ्या पडद्यावर अक्षर दिसतं’ या सबबीवर नानांनी तो ठेवून घेतला, एवढाच त्याचा इतिहास. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीतही असे नाना आहेत. इथे एकाचं वर्णन करतो, बाकीच्यांनी आपापलं ओळखून घ्यावं.

सकाळची शेतावरची फेरी घालून झाली की नाना ओट्यावर बसतात. टॅबवर आधी तोंडाची वाफ सोडतात, मग सदऱ्याच्या टोकाने काच पुसतात, चष्मा कपाळावरून नाकावर उतरवतात आणि बटण दाबतात. पडदा उजळतो. मधोमध चौकट येते : नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. खाली दोन बटणं. एक ‘अपडेट करा’, ठळक आणि रंगीत. दुसरं ‘नंतर’, फिकट, पोस्टाच्या फॉर्मवरच्या सूचनेइतकं बारीक. नानांचं बोट डोळे मिटूनही बारीक बटणावरच पडतं. ‘नको’ असं बटण कोणी देत नाही, याचा त्यांना मनस्वी राग आहे. ‘‘माले इचारं का कोनी?’’ हा प्रश्न ते टॅबला रोज विचारतात. टॅब उत्तर देत नाही, समोरून जाणारा मात्र चहाला थांबतो.

यावरून नाना जुन्या वळणाचे असतील, असा ग्रह करून घेऊ नका. केळीला ठिबक त्यांनी केव्हाच केलं, टिश्यू कल्चरची रोपं लावली. पपईत तैवान ७८६ आली तेव्हा गावात सर्वांत आधी लावणाऱ्यांत ते होते. कापसाचं वाण तर दरवर्षी बदलतात. पण ते वाण दुकानात जाऊन, चार जणांना विचारून, पाकीट उलटसुलट करून नाना स्वतः निवडतात. रात्री आपण झोपलो असताना कोणी शेतात येऊन पपई उपटून पेरू लावून गेला, असं अजून झालेलं नाही. टॅबमध्ये ते होतं.

बँकेच्या ॲपचंच घ्या. ‘शिल्लक’ वर डाव्या हाताला होती. एका सकाळी ती खाली गेली, तिच्या जागी कर्जाची जाहिरात आली. नानांनी सवयीने बोट ठेवलं आणि त्या दिवसापासून त्यांना कर्ज घ्या म्हणून फोन येतात. पुण्याच्या मुलाने समजावलं, ‘‘नाना, अपडेटमध्ये सुरक्षेची भोकं बुजवतात.’’ खरंच बुजवतात. जुन्या ॲपमधली उघडी राहिलेली फट चोराला आयती वाट असते, आणि पैशाच्या ॲपला अपडेट नाकारणं शहाणपणाचं नाही. नानांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘भोकं बुजव ना बाबा! पण बुजवताना दरवाजा कशाला हलवतोस?’’ मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने विषय बदलला.

गंमत अशी की, नवं काही शिकावं लागू नये म्हणून नानांनी सगळं शिकून घेतलं. प्ले स्टोअरच्या कोपऱ्यातल्या गोल फोटोवर बोट, मग सेटिंग्ज, मग नेटवर्कचा पर्याय, मग आपोआप अपडेट ‘करू नका’, हे त्यांना पाठ आहे. एकाच ॲपला रोखायचं असेल तर त्याच्या पानावर जाऊन तीन टिंबं दाबायची आणि बरोबरची खूण काढायची. टॅबसोबत आलेली काही ॲप्स काढून टाकता येत नाहीत, पण त्यांचे अपडेट उतरवले की ती मूळ रूपात येतात. याला नाना ‘मूळपदावर आणणं’ म्हणतात. गावातली पोरं दिवसभर रील बघतात, पण त्यांना यातलं काही येत नाही. अडलं की तीच नानांकडे येतात.

व्हॉट्सॲपने मात्र त्यांचा घात केला. ‘स्टेटस’चं नाव २०२३ मध्ये ‘अपडेट्स’ झालं. नाव वाचल्यापासून नानांनी त्या बाजूला बोट नेलेलं नाही. परिणामी साखरपुडे, बारशी, भाचीची पदवी, व्याह्यांचं काशीदर्शन, काहीच त्यांनी पाहिलं नाही. ‘‘नाना आमचं स्टेटस बघत नाहीत,’’ ही तक्रार नंदुरबारपासून सुरतपर्यंतच्या नातेवाइकांत पसरली आहे. नाना खुलासा करत नाहीत. मला वाटतं, हा एकच अपडेट त्यांना मनातून आवडला असावा.

आणि हे सगळं घडतं तो तालुका कोणता, तर देशातलं पहिलं आधार कार्ड जिथे दिलं गेलं तो. २९ सप्टेंबर २०१० रोजी याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. पुढे २०२२ मध्ये नियम आला की, दहा वर्षं झालेल्या आधारची कागदपत्रं अद्ययावत करून घ्यावीत. नाना उसळले. ‘‘माणूस तोच, बोटं तीच, घर तेच. अपडेट काय करू?’’ नानी आतून म्हणाल्या, ‘‘फोटोमा केस काया शेतस, तेवढं करी या.’’

नानांची खरी परीक्षा घेते ती ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपलं पीक आपणच ॲपमध्ये नोंदवायचं, अशी राज्यभर व्यवस्था झाली. पुढच्याच वर्षी दुसरी आवृत्ती आली, मग डिजिटल पीक सर्वेक्षणाचं वेगळं ॲप. जुनं काढा, नवं घ्या. इथे ‘नंतर’ चालत नाही, कारण नोंद राहिली तर उद्या नुकसानभरपाईच्या वेळी शेतात पपई होती हे सांगायचं कोणाच्या तोंडाने? दुसऱ्या आवृत्तीत तर फोटो काढताना आपण शेताच्या गटापासून लांब आहोत की जवळ, हेही ॲप सांगू लागलं. नाना आपल्याच बांधावर टॅब छातीशी धरून उभे, आणि टॅब म्हणतो तुम्ही शेतापासून दूर आहात. ‘‘चाळीस वर्षांपासून इथंच उभा आहे भो,’’ नाना म्हणाले आणि चार पावलं पुढे सरकले. एक गोष्ट मात्र त्यांनी दिलखुलास मान्य केली : चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येते. ‘‘हे खरं ॲप. बाकीच्यांनी हे शिकावं. अपडेट आवडला नाही तर ४८ तासांत परत.’’ हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात अर्ध्या गल्लीची नोंद नानांनीच करून दिली आणि जाताना प्रत्येकाचं आपोआप अपडेट बंद करून दिलं. कोणी सांगितलं नव्हतं.

परवा त्यांचा टॅब अखेर दमला. बॅटरी फुगून पाठ उचलली. नाना शहाद्याला दुकानात गेले, भाव करून नवा पसंत केला. पपईच्या भावावरून व्यापाऱ्यांशी भांडण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे चारशे रुपये सहज कमी करून घेतले. पैसे काढेपर्यंत दुकानातल्या पोराने खोकं फोडलं, टॅब चालू केला आणि म्हणाला, ‘‘पाच मिनिटं थांबा नाना. आधी अपडेट मागतोय.’’

नानांनी नोटा परत खिशात घातल्या.

‘‘माल कच्चा आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पिकला की कळव. गाडी पाठवतो.’’