विकेंद्रित बक्षिसी

टिप म्हणजे चांगली सेवा किंवा चांगली कला पदरात पडल्यावर, निदान तोंडाने तरी न मागता, दिलेली रक्कम. हैदराबादेतल्या नामपल्लीत तिचे जुने प्रकार अजून टिकून आहेत. इराणी हॉटेलात ती बिलाच्या बशीत बडीशेपेखाली राहते. युसुफैन दर्ग्यात कव्वाली रंगली की ती ‘नजर’ होते. रीतीप्रमाणे नोट थेट कव्वालाकडे जात नाही. ती बैठकीतल्या ज्येष्ठापुढे धरायची, त्याने हात लावायचा आणि मग ती कव्वालापर्यंत पोहोचायची. महाराष्ट्रात तमाशाच्या फडावर हीच रक्कम दौलतजादा होते आणि देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, कारण पैसे अर्धे लावणीचे असतात आणि अर्धे नावाचे. या सर्व प्रकारांत देणाऱ्याला एकच कौशल्य लागते: खिशात हात घालणे.

सोशल मीडियावर हा खिसा कंपन्यांच्या ताब्यात गेला. यूट्यूबच्या सुपर चॅटमधील उत्पन्नाचे ३० टक्के कंपनी ठेवते. दर्ग्यातला ज्येष्ठ नोटेला फक्त हात लावतो, हा फरक नोंदवण्याजोगा आहे. शिवाय कंपनीच्या मनात आले तर खातेच बंद होते. म्हणून मध्यस्थ नसलेली माध्यमे निघाली. त्यामागचे कारण खरे आहे. विनोद पुढे सुरू होतो.

२०१६ मध्ये आलेल्या मॅस्टोडॉन या अशाच माध्यमाची भारताला ओळख झाली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले आणि निषेध म्हणून अनेक जण तिकडे गेले. दारातच पहिला प्रश्न होता, कोणत्या सर्व्हरवर खाते उघडणार? स्वातंत्र्याच्या शोधात निघालेल्या माणसाला हा प्रश्न वॉर्ड ऑफिसातल्या खिडक्यांची आठवण करून देणारा होता, आणि पुष्कळ जण पहिल्याच खिडकीवरून परतले. टिपेचा प्रश्न मॅस्टोडॉनने सोयच न ठेवता निकालात काढला. त्याचा स्वतःचा खर्च बराच काळ पेट्रियॉन या केंद्रीभूत कंपनीमार्फत आलेल्या देणग्यांवर चालला.

टिप खऱ्या अर्थाने रुजली ती २०२० मध्ये सुरू झालेल्या नॉस्टर या दुसऱ्या माध्यमावर. तिथे तिला ‘झॅप’ म्हणतात. ती बिटकॉइनच्या लायटनिंग जाळ्यातून, साटोशी या एककात जाते. एका बिटकॉइनचे १० कोटी साटोशी होतात. २१ हा या मंडळींचा लाडका आकडा, कारण बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही. २१ साटोशींत नामपल्लीत इराणी चहाचे दोन घोटही येत नाहीत, पण निष्ठा दिसते.

झॅप देण्याची कृती अशी. प्रथम दोन किल्ल्या तयार होतात, एक जाहीर आणि एक गुप्त. गुप्त किल्ली म्हणजे ६३ अक्षरांची माळ. ती हरवली तर खाते गेले, ‘पासवर्ड विसरलात?’ असे विचारणारे कोणी नाही, कारण मध्यस्थच नाही. ती चोरीला गेली तरी तक्रार ऐकणारे कोणी नाही, कारण तेच. नंतर वॉलेट घ्यायचे. स्वतःचे, खरे स्वतंत्र वॉलेट असेल तर त्याची किल्ली म्हणून आणखी १२ किंवा २४ शब्द जपायचे. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात. यादी इंग्रजी, जपानी, कोरियन, चेक अशा अनेक भाषांत आहे. मराठी, तेलुगू आणि उर्दूत नाही. विकेंद्रीकरणाची वेस नामपल्लीच्या बरीच अलीकडे संपते.

टिप घेणाऱ्याची कसोटी अधिक कडक आहे. लायटनिंगमध्ये दोघांत एक चॅनेल उघडतो आणि समोरच्या बाजूने त्यात जेवढी रक्कम अडकवलेली असेल तेवढीच स्वीकारता येते. स्वतःचे पैसे घालून चॅनेल उघडणाऱ्या नवख्याला म्हणूनच पैसे देता येतात, घेता येत नाहीत. बक्षिसीच्या इतिहासात वेटरला आधी टिप घेण्याची ऐपत सिद्ध करावी लागणे ही बहुधा नवी गोष्ट असावी.

झॅपची पावती जाहीर होते. दौलतजादा देणाऱ्याला हे परिचित वाटेल. मात्र नियमांच्या मूळ मसुद्यातच स्पष्ट केले आहे की ही पावती पैसे दिल्याचा पुरावा नाही. कोणीतरी बिल मागवले होते, एवढेच तिच्यावरून कळते. फडावर असा खुलासा कोणी करत नाही.

इतक्या कसरतीनंतर बहुतेक लोक तयार वॉलेट घेतात. त्यात साटोशी कंपनीकडे असतात आणि मालकाला आकडा दिसतो. घालवलेला मध्यस्थ असा परत येतो आणि मर्जी फिरली तर निघूनही जातो: वॉलेट ऑफ साटोशी हे लोकप्रिय वॉलेट नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अॅप स्टोअरांतून बाहेर पडले. त्याआधी जून २०२३ मध्ये अॅपलने डॅमस या नॉस्टर अॅपला बजावले होते की मजकुराखाली टिपेचे बटण म्हणजे मजकुराची विक्री, आणि ती अॅपलच्या गल्ल्यातूनच झाली पाहिजे. डॅमसने बटण लेखकाच्या प्रोफाइलवर हलवले. त्या वेळी त्या अॅपमध्ये माणसाला टिप देता येत होती, त्याच्या वाक्याला नाही.

साटोशी आणि रुपया असा दोन चलनांचा हिशेब मात्र निजामाच्या मुलखाला नवा नाही. मराठवाड्यातल्या माणसाकडे निजामाचा हाली रुपया असे, सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार लागे, आणि ढोबळ दर सात हालीला सहा कलदार असा होता. सराफ बट्टा कापत असे, पण भाव रात्रीतून निम्मा होत नसे.

नामपल्लीच्या मैदानावर १९४६ पासून भरणाऱ्या ‘नुमाइश’ या प्रदर्शनात आज खेळणीवाल्याकडेही यूपीआयचा कोड असतो. ती व्यवस्था पूर्ण केंद्रीभूत आहे, पैसे देणाऱ्या-घेणाऱ्याची नावे तिला ठाऊक असतात, आणि ज्याचे बँक खाते गोठले आहे त्याला ती उपयोगाची नाही. झॅपचा खरा ग्राहक तोच. बाकीचे गुपचूप कोड स्कॅन करतात.

शेवटी कर. आभासी चलनाच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. पगारदार माणसाने टिपेत आलेले साटोशी विकून रुपये केले, मग ते चहापुरते का असेनात, की विवरणपत्रात त्यांचे वेगळे परिशिष्ट भरावे लागते. हे परिशिष्ट ‘सहज’ नावाच्या सोप्या फॉर्मात नाही; त्यासाठी आयटीआर-२ घ्यावा लागतो. तो भरून देणारा सल्लागार आपली फी यूपीआयने घेतो.