आधी तारण, मग कर्ज

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला काही शिकवायला जाऊ नये. तो प्रत्येक पायरीला नियम विचारतो. आमच्या शेजारच्या काकांनी तापकीर गल्लीतून २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर आणि ५५५ टायमरवर दोन एलईडी लुकलुकवणारं किट आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "शिकव. घाई नाही, पण आजच."

६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. ही तार १८३ अंशांना मऊ पडू लागते आणि १९०च्या आसपास पुरती वितळते. आयर्नचं टोक मात्र साडेतीनशेच्या घरात. काकांनी आकडे वहीत उतरवले, खाली दुहेरी रेघ मारली.

नवशिक्यांचा हट्ट ठरलेला. टोकावर सोल्डर वितळवून घ्यायचं आणि पोळीला तूप लावावं तसं सांध्यावर फासायचं. तारेच्या पोटातला फ्लक्स वाटेतच धूर होऊन जातो आणि सांध्यावर उरतो तो करडा, खरबरीत गोळा. रिपेअरवाले त्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. आज चालतो, उद्या रुसतो.

"काका, आधी पॅड आणि पाय दोन्ही तापवा. तार मग सांध्याला लावा, टोकाला नाही."

"म्हणजे आधी तारण, मग कर्ज."

हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. पुढचा सांधा दोन-तीन सेकंदांत पायाभोवती चकचकीत शंकूसारखा बसला. काकांनी भिंगातून पाहून शेरा दिला, "मंजूर."

राळेचा धूर स्वयंपाकघरात पोचताच काकूंनी खिडक्या उघडल्या आणि साबणाने हात धुतल्याशिवाय चहा मिळणार नाही असं जाहीर केलं. शिशाबाबत विज्ञानाचंही तेच म्हणणं आहे, त्यामुळे अपील झालं नाही.

सेल जोडला. एक एलईडी लागला, दुसरा ढिम्म. लांब पाय प्लसचा, तो मायनसला गेलेला. "डेबिट-क्रेडिट उलटं पडलं," काका पुटपुटले. मग डीसोल्डर पंप हाती आला आणि त्याचा खटॅक् आवाज त्यांना इतका आवडला, की चुकलेला सांधा सुटल्यावर त्यांनी दोन बरोबर सांधेही सोडवले.

आता दोन्ही एलईडी लुकलुकतात आणि काका नवीन काम शोधताहेत. सोसायटीतल्या सर्वांना नम्र विनंती : टीव्हीचा रिमोट चालेना, तर आधी सेल बदलून पाहा. काकांना इतक्यात कळवू नका.