सोळा किलोमीटरचं व्रत

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून डिझेल इंजिनानं घसा खाकरल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ माझा फोन वाजतो. "उठलात ना? चिखलाला जायचंय."

माणसं देवाला जातात, बाजाराला जातात, लग्नामुंजीला जातात. नाना चिखलाला जातात.

पुण्यातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत असा एक गृहस्थ सापडतोच. निवृत्त, बहुतेक सरकारी खात्यातला, बहुतेक इंजिनिअर. बाकीचे चारचौघांसारखी हॅचबॅक घेतात; हा मागं हौदा असलेली, पार्किंगच्या दोन्हीकडच्या पट्ट्यांवर बसणारी फोर-बाय-फोर पिकअप घेतो. तरुण पोरं असल्या गाड्यांना कपाळभर दिवे लावतात, बॉनेटच्या बाजूनं सोंडेसारखी नळी काढतात आणि डोंगर चढतानाचे व्हिडिओ टाकतात. नानांचा त्या जमातीशी काही संबंध नाही. ते चिखलात जातात ते पथ्य म्हणून. मजा आली तर उलट त्यांना अपराधी वाटतं.

या पथ्याची दीक्षा त्यांना डिंभे धरणावर मिळाली. नाना तेव्हा पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होते आणि साइटवर जुनी सरकारी जीप होती. मोठ्या गिअरशेजारी दोन ठेंगणे दांडे. एक ओढला की पुढची चाकंही जोर लावणार. जीपचा ड्रायव्हर पावसाळा असो नसो, महिन्यातून एकदा माळावर जाऊन 'फोर-व्हील टाकून' दोन-चार फेऱ्या मारायचा. नानांनी डिझेलचा हिशेब मागितला, तर म्हणाला, "साहेब, चालवलं नाही तर धरतं." नानांना म्हणे त्या वाक्यानं साक्षात्कार झाला. इंजिनिअरिंगच्या सगळ्या वर्षांत एवढं कुणी सोपं करून सांगितलं नव्हतं.

ड्रायव्हरचं म्हणणं खरंच होतं. या जातीच्या गाडीत एरवी फक्त मागची चाकं ओढतात. पुढच्या क्राऊनमधलं ऑइल तळाशी बसून राहतं आणि वरचे दाते कोरडे पडतात. ऑइल सीलच्या कडा सुकून कडक होतात. हल्ली दांड्याऐवजी डॅशबोर्डवर गोल नॉब असतो आणि खाली एक छोटी मोटर ते जोडकाम करते. ती बसून बसून अशी आळसावते, की नेमकी गरज पडते तेव्हाच हलत नाही. महिन्यातून एकदा चारही चाकं फिरवली, की ऑइल सगळीकडे उडतं, सील ओलं राहतं आणि मोटरलाही कळतं की आपण नोकरीत आहोत.

आता प्रश्न एवढाच, की फिरवायची किती? नानांच्या गाडीच्या पुस्तिकेत नुसतं 'अधूनमधून' असं लिहिलंय. तीस वर्षं मोजमाप पुस्तिका भरलेल्या माणसाला 'अधूनमधून' चालत नाही, त्याला आकडा लागतो. टोयोटाच्या काही फोर-बाय-फोर गाड्यांच्या पुस्तिकेत महिन्याला निदान 16 किलोमीटर असं दिलंय. नानांनी तो आकडा दत्तक घेतला. "सोळाच का, माहितीय?" ते मला म्हणाले. "सोळा संस्कार, सोळा सोमवार, षोडशोपचार पूजा. जपान्यांनासुद्धा कळलंय." मी म्हणालो, "नाना, ते दहा मैल आहेत. मैलांचे किलोमीटर केले की सोळा होतात." नाना दोन किलोमीटर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे खरे सोळा पूर्णांक नऊ शतांश." तेव्हापासून सोळा झाले तरी आम्ही आणखी शंभर मीटर जातो.

हे सोळा किलोमीटर डांबरावर काढता येत नाहीत, खरी मेख तिथं आहे. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. मऊ जमिनीवर एखादं चाक थोडं घसरून तो फरक भागवतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन बसतो, स्टिअरिंग जड होतं आणि गाडी अडेलतट्टूसारखी हिसके द्यायला लागते. नाना हे पार्किंगमध्ये ओला पंचा पिळून समजावतात. पीळ बसलाच तर सोडवायचा कसा? गाडी सरळ रेषेत दहा फूट मागं घ्यायची, आपोआप सुटतो. एकदा हे चालू असताना काकू भाजी घेऊन आल्या. उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं आणि "घरातही घेत जा कधी दहा फूट मागं," म्हणून लिफ्टकडे गेल्या.

तर चिखल हवा, आणि पुण्याच्या आसपास चिखल उरलेला नाही. गाडी घेतली ती मुळशीतल्या अकरा गुंठ्यांसाठी. तेव्हा प्लॉटच्या अलीकडचा अर्धा किलोमीटर रस्ता पावसाळ्यात माणसाची चप्पल काढून घ्यायचा. नानांनी तेवढ्या अर्ध्या किलोमीटरच्या जोरावर काकूंची परवानगी मिळवली. गाडी दारात आली आणि त्याच उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं रस्ता काँक्रीटचा केला. गावानं पेढे वाटले. एक नानांनाही दिला. त्यांनी तो काकूंच्या देखत खाल्ला, हे धैर्य मला अजून जमलेलं नाही.

मग सोसायटीमागचं पडीक मैदान होतं. पहिली दोन वर्षं तिथं निघाली. तिथं बावीस मजले उभे राहिले. आता दर महिन्याला नवा मातीचा रस्ता शोधावा लागतो आणि दर महिन्याला कुणीतरी तो पक्का केलेला असतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली, तेव्हापासून नानांच्या मते देशाचं एका बाबतीत तरी नुकसान झालंय. पण इंजिनिअर रडत बसत नाही. या रस्त्यांच्या तोंडाशी पाटी असते: लांबी, खर्च आणि पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे. ती तारीख नाना डायरीत उतरवून घेतात. पाच वर्षं संपली की पुढच्या दोन पावसाळ्यांत तिथं काहीतरी हाताशी लागेल, असा त्यांचा अंदाज असतो. ठेकेदारांवर एवढा विश्वास ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मधल्या सगळ्या दिवसांत गाडी लोकांची असते. कुणाचा फ्रिज हलवायचा, कुणाच्या भाचीला कोकणातून आलेल्या आंब्याच्या पेट्या पोचवायच्या, अनंत चतुर्दशीला सोसायटीचा गणपती हौद्यात बसवून न्यायचा. नाना नाही म्हणत नाहीत. फक्त उतरताना प्रत्येकाला सांगतात, "ही फोर-बाय-फोर आहे बरं का." गणपतीलाही सांगत असावेत.

आणि 'चालवलं नाही तर धरतं' हा नियम गाडीपुरता नाही. शनिवारी संध्याकाळी सोसायटीचा जनरेटर दहा मिनिटं चालू होतो. तो सेक्रेटरी चालवत नाही, नाना चालवतात. पाण्याचे सगळे कॉक पंधरवड्यातून एकदा बंद-उघड होतात. भर थंडीत पंखे गरगरतात. जानेवारीत छत्र्या उघडून बाल्कनीत ठेवलेल्या दिसतात. ज्या मेव्हण्याशी त्यांचं 1998 पासून पटत नाही, त्याला दर महिन्याच्या पाच तारखेला फोन जातो. मी ते संभाषण ऐकलंय. "काय म्हणता? ठीक. पाऊस? बरं. ठेवतो." चौदा सेकंद.

गेल्या जुलैतला रविवार मात्र वेगळा उगवला. मुळशीच्या आतल्या बाजूला, साडेबारा किलोमीटर झालेले असताना, वळणावर एक आल्टो साइडपट्टीवरून घसरून चिखलात रुतलेली दिसली. नानांनी ब्रेक दाबला. इतक्या वर्षांत प्रथमच गरज स्वतः रस्त्यात येऊन उभी होती. "हलवू नका!" ते काच खाली करून ओरडले. आल्टोवाला बिचारा हलवू शकत असता तर तिथं कशाला थांबला असता!

नाना उतरले. आल्टोला एक प्रदक्षिणा घातली. चाक किती रुतलंय ते छत्रीच्या दांड्यानं मोजलं. टोचनचा दोर हौद्यातून काढला, उलगडला, त्याचा एक धागा सुटलेला दिसला म्हणून परत गुंडाळून दुसरा काढला. मग गाडीत बसून फोर-एल. हा सगळ्यात ताकदीचा आणि सगळ्यात सावकाश गिअर. तो चालत्या गाडीत पडत नाही. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, न्यूट्रल करा, नॉब फिरवा आणि डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट बघा. नाना दिव्याकडे बघत होते, ओठांत आकडे मोजत. मी समोर बघत होतो.

लावणीला निघालेली तीन पोरं इरली सावरत आली. एकानं चाकाखाली दगड सारला, दोघांनी आल्टोचा मागचा कोपरा उचलल्यासारखा केला, "हां, द्या!" म्हणाले, आणि आल्टो वर. पोरं बांधावरून निघूनही गेली.

दिवा स्थिर झाला. "पडला!" नाना म्हणाले आणि मान वर केली.

आल्टोवाल्यानं आम्हाला हात केला. नाना दोर हातात घेऊन त्याच्यापर्यंत गेले, म्हणाले, "पुढंही रस्ता असाच आहे, बरं का," पण तो थांबला नाही. मला वाटलं, आता परत फिरू. पण साडेतीन किलोमीटर आणि वरचे शंभर मीटर बाकी होते. ते आम्ही एका देवळामागच्या माळावर गोल गोल फिरून काढले. तीन म्हशी आणि एक गुराखी बघत होता. अकराव्या फेरीनंतर म्हशींनी बघणं सोडलं.

परतताना नानांचे हात चिखलानं भरलेले, म्हणून डायरी माझ्याकडे आली. "लिहा: फोर-एल, नऊ सेकंद. आवाज नाही. गरज पडली नाही." मी लिहिलं. ओल्या बोटानं दोन पानं एकदम उलटली आणि महिन्याची यादी समोर आली. नानांचं रेखीव सरकारी अक्षर, पुढं बरोबरच्या खुणा, शेवटी शेऱ्याचा रकाना. फोर-व्हील. जनरेटर. पाण्याचे कॉक. छत्र्या. मेव्हणा. त्याच्या खाली माझा फ्लॅट नंबर.

शेरा होता: 'सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो. थोडी कुरकुर. बाकी चालू.'