शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या संचालकांस अनावृत पत्र

सन्माननीय संचालक महोदय,
हार्डवेअर-नेटवर्किंग क्षेत्रातील अग्रगण्य संस्था,
एसटी स्टँडसमोर, मोबाईलच्या दुकानावर, दुसरा मजला

यांस सविनय नमस्कार, विनंती विशेष.

बारावीचा निकाल लागला की गावाच्या वेशीवर पहिला फ्लेक्स आपला झळकतो. ‘फक्त सहा महिन्यांत नेटवर्क इंजिनिअर! १०० टक्के नोकरीची हमी!’ इंजिनिअरिंगची चार वर्षे आणि लाखांची फी ज्या घरांना झेपत नाही, त्या घरांची इतक्या तत्परतेने आठवण ठेवणारे आपल्यासारखे दुसरे कोण आहे? त्याबद्दल सर्वप्रथम आपले मनःपूर्वक आभार.

एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे नेटवर्क मी सांभाळतो. हाताखाली घ्यायच्या मुलांच्या मुलाखतीही माझ्याकडेच असतात. आपले विद्यार्थी तिथे येतात, त्यामुळे आपली थोरवी मला जवळून पाहायला मिळते. ती आपल्यापर्यंत आणि चार लोकांपर्यंत पोहोचावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपल्या निष्ठेला तर तोड नाही. मायक्रोसॉफ्टने ‘एमसीएसई’ हे सर्टिफिकेशन ३१ जानेवारी २०२१ रोजी निवृत्त केले आणि त्या जागी अझूर, मायक्रोसॉफ्ट ३६५ यांवरची नवी सर्टिफिकेशन्स आणली. परीक्षा घेणाऱ्या कंपनीनेच हात काढून घेतला, तरी आपल्या फलकावर ‘एमसीएसई’ आजही ठळक अक्षरांत आहे. जी परीक्षा जगात कुठेच देता येत नाही, तिची फी मात्र आपल्या काउंटरवर अजून भरता येते. केवढा हा आपला जिव्हाळा!

शेजारच्याच ओळीत ‘सीसीएनए’, ‘सीसीएनए सिक्युरिटी’ आणि ‘सीसीएनए वायरलेस’ यांचे वेगवेगळे दर आहेत. ही सर्टिफिकेशन्स देणाऱ्या सिस्को कंपनीने २४ फेब्रुवारी २०२० रोजी या शाखा बंद करून २००-३०१ क्रमांकाची एकच परीक्षा ठेवली. एका परीक्षेसाठी तीन फिया घेण्याचे औदार्य प्रत्यक्ष सिस्कोलाही साधले नाही. ते आपण साधलेत.

आपल्या प्रमाणपत्राबद्दल काय लिहावे! सोनेरी किनार, होलोग्राम, मधोमध पृथ्वीगोल आणि वर ‘आंतरराष्ट्रीय’ अशी अक्षरे. ते पाहून बापाचे डोळे भरून येतात. फ्रेम करून ते देवघराशेजारी लावले जाते. सीसीएनएचे खरे प्रमाणपत्र सिस्को देते, त्यासाठी पिअर्सन व्ह्यूमार्फत वेगळी परीक्षा द्यावी लागते, तिचे शुल्क ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या पुढेच असते, आणि ते प्रमाणपत्रही तीनच वर्षे चालते, ही रुक्ष माहिती आपण कोर्सच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणालाही कळू दिली नाहीत. गरीब माणसाच्या मनाची आपण किती काळजी घेता!

शिवाय खाली ‘आयएसओ ९००१’ आणि ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असे दोन शिक्के. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या व्यवस्थापनाचे मानक आहे, अभ्यासक्रमाला त्याने मान्यता मिळत नाही. आणि भारत सरकारची जी उद्यम नोंदणी आपण मिरवता, ती पिठाच्या गिरणीलाही मिळते. गिरणीवाल्याने मात्र अजून पदव्या वाटायला घेतलेल्या नाहीत. आपल्याइतकी दूरदृष्टी त्याच्याकडे कुठली!

आपली प्रयोगशाळा मी पाहिली आहे. काचेच्या कपाटात एक राउटर आणि दोन स्विच, कपाटाला कुलूप, आणि किल्ली आपल्या खिशात. यंत्रांना विद्यार्थ्यांचा हात लागून ती खराब होऊ नयेत म्हणून घेतलेली ही दक्षता वाखाणण्याजोगी आहे. कन्सोल केबल कुठे जोडतात हे मुलांना चित्रात दाखवले जाते. सिस्कोचे ‘पॅकेट ट्रेसर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवरही त्यात अख्खे नेटवर्क उभारून मोडता येते. त्या मोहापासूनही आपण मुलांना दूर ठेवलेत.

केबलचेही तेच. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारांचा हा क्रम आपला विद्यार्थी झोपेतही सांगतो. त्याच्या हातात क्रिंपिंगची पक्कड आणि आरजे-४५ चा कनेक्टर दिला की हात थरथरू लागतो. कनेक्टर वाया जातात म्हणून बॅचमागे मोजकेच द्यायचे, हा आपला नियम आहे म्हणे. त्या काटकसरीतून वाचलेल्या पैशांतूनच बहुधा फ्लेक्स छापले जात असावेत.

परीक्षेच्या तयारीसाठी आपण मुलांच्या मोबाईलवर चोरलेल्या प्रश्नपत्रिकांची पीडीएफ पाठवता, त्या ‘डंप’बद्दलही ऋण मानायला हवे. विचार करण्याचे कष्ट नकोत, फक्त पर्याय पाठ करायचे. असे करताना सापडल्यास निकाल रद्द होतो आणि पुढच्या परीक्षांची दारेही बंद होऊ शकतात, हे सांगून त्यांना घाबरवणे आपल्या कोमल स्वभावात बसत नाही. आणि न सापडता उत्तीर्ण झालेला मुलगा कामाच्या पहिल्याच सोमवारी बंद पडलेल्या स्विचसमोर उभा राहतो, तेव्हा त्याची जी अवस्था होते, ती पाहायला आपण तिथे नसता.

आपल्या अध्यापकवर्गाचाही गौरव व्हायला हवा. मागच्या बॅचमधल्या ज्या मुलाला नोकरी मिळाली नाही, त्याला पुढच्या बॅचला शिकवायला उभे करायचे आणि ‘प्लेसमेंट झाली’ म्हणून त्याचा फोटो फ्लेक्सवर छापायचा! हमी पाळण्याचा इतका स्वस्त मार्ग आपल्याआधी कोणाला सुचला असेल असे वाटत नाही.

आता एका मुलाखतीबद्दल सांगतो. आपल्या एका विद्यार्थ्याला मी विचारले, ‘एका संगणकावर नेट चालत नाही. त्याचा आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय. काय झाले असेल?’ त्याने मला ओएसआय मॉडेलचे सात थर वरून खाली आणि खालून वर म्हणून दाखवले. एकही चुकला नाही. उत्तर मात्र आले नाही. मग मीच सांगितले, डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोज स्वतःच असा पत्ता घेते. त्यावर तो पटकन म्हणाला, ‘सर, मग शेजारच्या मशीनला आत्ता नवा पत्ता मिळत असेल, तर सर्व्हर चालू आहे आणि दोष इकडच्या केबलचा किंवा पोर्टचा असणार ना?’

संचालक महोदय, हेच नेटवर्कचे काम आहे. दोष कुठे नाही हे ठरवत ठरवत दोष कुठे आहे तिथे पोहोचायचे. ती समज त्या पोराला उपजत होती. आपल्याकडे त्याने सहा महिने आणि घरची पुंजी घालवली, आणि असा प्रश्न त्याला तिथे एकदाही विचारता आला नाही. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवताना मला काय वाटले असेल, ते आपल्याला कळावे अशी अपेक्षा नाही.

ती पुंजी कुठून आली, हेही आपल्याला ठाऊक असेलच. आईने बचत गटातून उचललेले कर्ज, नाहीतर फायनान्स कंपनीचे ‘सुलभ हप्ते’, ज्यांच्या कागदांवर आपल्याच टेबलाशी बसून बापाने सह्या केल्या. क्लास मधेच बंद पडला तरी हप्ता बंद पडत नाही. कर्ज फायनान्स कंपनीचे असते, त्यामुळे आपण नामानिराळे. पावतीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेले असते की नोकरीसाठी संस्था ‘फक्त प्रयत्न करील’ आणि भरलेली फी परत मिळणार नाही. पुढच्या बाजूची हमी मागच्या बाजूला इतक्या नम्रपणे मागे घेतलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

या नम्रतेची दखल सरकारनेही घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोकरीची खोटी हमी, विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय छापलेला फोटो, बारीक अक्षरांत लपवलेल्या अटी, या सगळ्याला त्यात मनाई आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपला फ्लेक्स वाचताना हा कायदा जणू आपल्यालाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यासारखा वाटतो. एवढा सन्मान किती जणांच्या वाट्याला येतो!

एक मात्र स्पष्ट लिहितो. सर्टिफिकेशन वाईट नाही. कॉम्प्टियाचे ‘ए प्लस’ असो की सिस्कोचे सीसीएनए, डिग्री नसलेल्या पोराला या धंद्यात शिरायला याहून सरळ वाट नाही. परीक्षा मुलाचे आडनाव विचारत नाही की कॉलेज विचारत नाही. प्रामाणिकपणे शिकवणारेही आहेत. भाड्याच्या खोलीत भंगारातले संगणक आणून, मुलांकडून ते खोलून, जोडून, पुन्हा बिघडवून घेणारे शिक्षक मला ठाऊक आहेत. त्यांची मुले आमच्याकडे टिकतात. आपल्यामुळे आता त्यांच्या प्रमाणपत्रांकडेही लोक संशयाने पाहतात. आपला खरा अपराध हा आहे. आपण नुसती फी घेतली नाहीत, गरिबाच्या पोराला मिळालेली एक वाट बदनाम केलीत.

तेव्हा हात जोडून विनंती आहे. कपाटाचे कुलूप काढा. फ्लेक्सवरची हमी पुसा. आणि ज्यांना काही शिकवले नाहीत, त्यांची फी परत करा.

कळावे. लोभ नाही, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
एमआयडीसीतला एक नेटवर्कवाला

ता. क. हे पुढचे पालकांसाठी. पैसे भरण्याआधी चार गोष्टी करा. परीक्षेचा क्रमांक लिहून मागा आणि तो त्या कंपनीच्या वेबसाइटवर आज चालू आहे का ते पाहा. परीक्षेची फी कोर्सच्या फीमध्ये आहे की वेगळी, हे पावतीवर लिहून घ्या. चालू वर्गात तासभर बसा आणि मुलांचे हात यंत्राला लागतात का ते बघा. आणि आधी जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) किंवा ‘सिस्टीम मेंटेनन्स’चा ट्रेड आहे का याची चौकशी करा. फसवणूक झालीच असेल तर पावती आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. लाज त्यांना वाटायला हवी, तुम्हाला नव्हे.