दर्शनी कपाट

मराठी माणसाला ‘तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?’ असं विचारलं की तो आधी विचारणारा कोण आहे ते पाहतो. मुलीकडची मंडळी विचारत असतील तर ‘मृत्युंजय’. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं तर काहीतरी इंग्रजी, शक्यतो नावात यश, पैसा किंवा सवयी असलेलं. साहित्य संमेलनाच्या मांडवात वाहिनीवाल्यांचा माईक समोर आला तर ‘कोसला’. आणि वाचनालयाच्या खिडकीशी, मागे ओळखीचं कोणी उभं नाही ना हे पाहून, हळू आवाजात : ‘‘बाई, तो काळा पहाड परत आला का हो?’’

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत यंदा ‘माझं आवडतं पुस्तक, माझा आवडता चित्रपट’ असं सदर घ्यायचं ठरलं. जाहिराती कमी पडल्या की साहित्य वाढतं, हा स्मरणिकांचा जुना नियम. घरोघर फॉर्म वाटले आणि ते गोळा करून छापण्याजोगे करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भरलेले फॉर्म वाचताना वाटलं की सगळी इमारत एकाच घरातून आली आहे आणि त्या घरात एकच कपाट आहे.

कपाटात पहिला मान अर्थातच शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चा. १९६७ साली हे पुस्तक आलं आणि तेव्हापासून मराठी लग्नात आहेराला काय द्यायचं ही चिंता मिटली. ए विंगमधल्या एका काकांनी आपली प्रत मला मुद्दाम काढून दाखवली. पहिल्या पानावर निळ्या शाईत ‘शुभविवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट’, खाली मामाची सही, आणि मधली कित्येक पानं वरच्या कडेला एकमेकांना चिकटलेली. छापखान्यातून जशी आली तशीच. काकांनी कर्णावर अर्धा तास सांगितलं. त्यातला निम्मा कर्ण रणजित देसाईंच्या ‘राधेय’मधला होता आणि उरलेला दूरदर्शनवरच्या महाभारतातला. मी सहज विचारलं, ‘‘आणि शोण कसा वाटला तुम्हाला?’’ काका म्हणाले, ‘‘कोण शोण?’’ शोण हा कर्णाचा धाकटा भाऊ, आणि या कादंबरीत एक भाग तो स्वतः सांगतो. काकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कर्णावर प्रेम करायला पुस्तक उघडावंच लागतं असं नाही. आपल्यावर ऑफिसात अन्याय झालेला असला की पुरतं.

‘ययाति’चंही तसंच. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ची, आणि १९७४ साली खांडेकरांना मिळालेलं ज्ञानपीठ हे मराठीतलं पहिलं. भोगाला अंत नसतो असं सांगणारं, मुलाचं तारुण्य मागून घेणाऱ्या राजाचं हे पुस्तक आमच्या इमारतीत साठी ओलांडलेल्या पुरुषांनी एकमुखाने आवडतं म्हणून लिहिलं आहे. का, ते विचारू नये. एका आजोबांनी कंसात ‘तत्त्वज्ञानासाठी’ असंही लिहिलं होतं. आजींनी तो कंस स्वतःच्या हाताने खोडला होता.

‘कोसला’वाल्यांची तऱ्हा निराळी. हे लोक पुस्तक आवडतं असं म्हणत नाहीत, आपण त्यातूनच बाहेर आलो असं म्हणतात. नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली ही कादंबरी १९६३ साली आली. पुढच्या प्रत्येक पिढीतल्या काही मुलांनी तिची तीसेक पानं वाचली, दाढी वाढवली, मेसच्या जेवणाला शिव्या दिल्या आणि वाक्यावाक्याला ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ म्हणायला सुरुवात केली. नोकरी लागल्यावर दाढी गेली, ‘वगैरे’ राहिलं. गंमत अशी की ही मुळात खूप हसवणारी कादंबरी आहे. पण तिच्याबद्दल बोलताना हसलेला माणूस मी पाहिलेला नाही. त्यातल्या धाकट्या बहिणीचं मरण आठवून गप्प झालेले एक-दोघं तेवढे भेटले. त्यांनी वाचली असणार. त्यांनी फॉर्म कोरा दिला.

‘बटाट्याची चाळ’ लिहिणारे बरेच, पण वाचणारे त्याहून बरेच, त्यामुळे तिथे शंकेला जागा नाही. पुढे चला.

चित्रपटांचा रकाना जास्त रंगतदार. आधी ‘श्यामची आई’. आचार्य अत्र्यांच्या या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, त्यामुळे तो आवडता असणं ही राष्ट्रीय जबाबदारी होऊन बसली आहे. पण अत्र्यांच्याच लेखणीतून १९३८ साली ‘ब्रह्मचारी’ उतरला होता. मास्टर विनायकांनी तो दिग्दर्शित केला आणि त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरून गाणं म्हणतात. त्या काळच्या महाराष्ट्रात त्याने केवढी खळबळ उडाली! शिव्या घालणारे आणि तिकीट काढणारे यांत बरीच माणसं सामाईक होती असं माझं मत आहे, कारण शिव्यांमध्ये पोशाखाचे तपशील फार अचूक असत. आमच्या इमारतीतल्या एकाही आजोबांनी ‘ब्रह्मचारी’ लिहिला नाही. सगळ्यांच्या वडिलांनी म्हणे थेट ‘श्यामची आई’च पाहिला.

मग ‘पिंजरा’. शांतारामबापूंचा, १९७२चा. अस्सल मराठी मातीतला म्हणून तो आवडतो, असं तिघाचौघांनी लिहून दिलं आहे. ही माती जर्मनीतून आली होती. हाइनरिश मान यांच्या कादंबरीवर १९३०मध्ये ‘द ब्लू एंजल’ निघाला. नाचगाण्याच्या ठिकाणी गाणाऱ्या बाईच्या नादी लागून एक शिस्तप्रिय प्राध्यापक मातीमोल होतो, ही त्याची गोष्ट. प्राध्यापकाचा मास्तर झाला, मार्लीन डिट्रिचच्या जागी संध्या आली, आणि खेबूडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत, डॉ. लागूंचा पडेल चेहरा असं मिळून ते इतकं आपलं झालं की बर्लिनला परत पाठवलं तर तिथे कोणी ओळखणार नाही. मला यात कमीपणा वाटत नाही. मला फक्त ‘संदेशासाठी आवडतो’ या शेऱ्याचं कुतूहल आहे. संदेश मास्तरांचा होता. लक्षात राहिल्या त्या लावण्या.

तरुण विंगकडून म्हणजे पंचेचाळिशीच्या आतल्यांकडून ‘कोर्ट’ आला. चैतन्य ताम्हाणेंचा हा चित्रपट, राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करला भारताची प्रवेशिका, सगळं रास्त. मलाही तो फार मोठा वाटतो. पण तो शेवटपर्यंत कोणी पाहिला हे ओळखायची सोय दिग्दर्शकानेच करून ठेवली आहे. अखेरीकडे न्यायालयाला सुट्टी लागते, एकेक दिवा बंद होतो, दार लागतं आणि पडदा काळाकुट्ट होतो. इथे निम्मं थिएटर ‘काय सुंदर शेवट केलाय’ म्हणत पार्किंगकडे निघतं. चित्रपट संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश सहलीला जातात, बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून उठवतात आणि ते हाताला लागेल त्या पोराच्या कानाखाली वाजवतात. सगळा चित्रपट त्या एका चपराकीत आहे. सी विंगमधल्या एका अभ्यासू गृहस्थांनी ‘कोर्ट’वर दीड पान लिहून दिलं आहे, ‘अंधारात विरणारा शेवट’ हे त्याचं शीर्षक.

एका काकूंनी ‘पथेर पांचाली’ लिहिलं होतं. बरं वाटलं. कौतुकाने विचारलं, ‘‘काकू, कधी पाहिलात?’’ म्हणाल्या, ‘‘पाहायचाय अजून. पण आवडतो.’’

आता याच काकूंच्या घरी रविवारी दुपारी मी जे पाहिलं ते सांगतो. टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला होता. तोही बाहेरूनच आलेला, हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून, पण ते असो. काका जेवता जेवता पडद्यावरच्या माणसाच्या आधी संवाद म्हणत होते. सत्तर रुपयांचा प्रसंग आला तेव्हा स्वयंपाकघरातून काकूंनी, पाठमोऱ्या, भाजी परतत, त्यातलं वाक्य बरोबर त्याच हेलात म्हटलं. त्यांचा इंजिनियर मुलगा आणि पुण्याहून आलेली सून, चौघंही एका ठिकाणी हसले. १९८८चा चित्रपट, सगळा पाठ. फॉर्मवर त्याचं नाव नाही. विचारलं तर काकू म्हणाल्या, ‘‘अहो, ते काय आवडतं म्हणून लिहायचं? ते आपलं असंच बघतो.’’

असंच बघतो, असंच वाचतो. या ‘असंच’मध्ये मराठी माणसाची खरी आवड दडवून ठेवलेली असते. १९९१च्या ‘माहेरची साडी’ला पदर भिजवून बाहेर पडलेल्या बायका आमच्याच इमारतीत राहतात, त्यांनी ‘श्वास’ लिहिलं. दादा कोंडक्यांचं नाव घालायला एकजण तयार होते, पण स्मरणिका जावईबापूंच्या हाती जाईल म्हणून त्यांनी माघार घेतली. आणि चंद्रकांत काकोडकर? त्यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६९ साली न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. काकोडकर वाचल्याचं चारचौघांत कबूल करणारे मराठी मुलखात बहुधा ते न्यायमूर्तीच. बाकी सगळ्यांना त्यांचं पुस्तक मित्राच्या गादीखाली सापडलं होतं.

दर्शनी कपाटाबद्दल माझी तक्रार नाही. घरात पाहुणे येतात, चांगले कप बाहेर काढावेच लागतात. अडचण पुढे होते. जे आवडल्याचं कोणी कबूल करत नाही, ते कोणी सांभाळतही नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांपायी गिरणीतला कामगार, कारकून, शाळकरी पोरं आणि त्यांना रागावणारे मास्तर असे सगळे वाचायला शिकले. गल्लोगल्लीची वाचनालयं त्यांच्या वर्गणीवर चालली. ‘मृत्युंजय’ची नवी आवृत्ती कुठल्याही दुकानात मिळते. अर्नाळकरांचं एखादं मूळ पुस्तक शोधायला निघालात तर रद्दीवाल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबावं लागतं.

आमच्या वाचनालयात एक प्रत उरली आहे. पुठ्ठा दुसऱ्या पुस्तकाचा आहे, पाठीला डिंकाने चिकटवलेला. आतल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के एकावर एक, जागा संपली म्हणून मागच्या बाजूलाही. पहिल्याच पानावर कोणा दुष्टाने पेन्सिलीने लिहिलंय : ‘खून मुनिमाने केला.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात : ‘साफ खोटं आहे.’ त्याखाली तिसऱ्या हाताने : ‘शेवट वाचा म्हणजे कळेल.’ आणि शेवटची सोळा पानं नाहीत. वाचनालयाच्या बाई सांगतात की ती गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण पुस्तक अजून महिन्यातून एकदा तरी बाहेर जातं. नेणारे रजिस्टरमध्ये सही अशी करतात की नाव वाचता येऊ नये.

स्मरणिकेचं सदर ठरल्याप्रमाणे निघेल. ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘कोसला’, ‘श्यामची आई’, ‘कोर्ट’ अशीच यादी छापून येईल आणि कोणाच्याही प्रतिष्ठेला धक्का लागणार नाही, असं मी कमिटीला लिहून दिलं आहे. माझी विनंती वेगळी आहे. ज्या कोणाच्या घरी, आतल्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, काळ्या पहाडाची ती सोळा पानं असतील त्यांनी ती वाचनालयाच्या पेटीत रात्री केव्हाही टाकावीत. नाव लिहिण्याची गरज नाही, उशिराचा दंडही माफ आहे. तो मुनीम गेली कित्येक वर्षं संशयावर आत आहे.