जगबुडीचं वय

जगबुडी आवडण्याचं एक वय असतं. साधारण तेराव्या वर्षी ते वेड लागतं आणि नोकरी लागली की आपोआप उतरतं. या वयातल्या मुलांच्या पुस्तकांच्या फळीवर नजर टाकावी, तर तिथे एकही देश धड उरलेला नसतो. एका पुस्तकात अमेरिकेचे जेमतेम बारा जिल्हे शिल्लक आहेत, दुसऱ्यात शिकागोला कुंपण घातलंय, तिसऱ्यात मुलांची आठवण पुसून त्यांना एका अजस्र चक्रव्यूहात सोडून दिलंय आणि चौथ्यात तर जगातले रंगच काढून घेतलेत. या सगळ्या पडझडीच्या मधोमध माझी भाची पालथी पडून, उशी पोटाशी धरून, चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचत इतकी निवांत वाचत असते, की जगाचा शेवट हा मे महिन्याच्या सुट्टीतच ठेवायचा एखादा घरगुती कार्यक्रम असावा, असं मला वाटू लागतं.

“काहीतरी चांगलं वाच गं,” तिची आजी जाता-येता म्हणते. आजीच्या मते चांगलं पुस्तक म्हणजे ज्यात कुणीतरी पहाटे उठतं. भाचीचं म्हणणं असं, की ‘द हंगर गेम्स’ची नायिका कॅटनिससुद्धा पहाटेच उठते. फक्त उठून ती कुंपणाखालून सरपटत चोरट्या शिकारीला जाते.

मग एका दुपारी तिने मला ‘द हंगर गेम्स’चे नियम समजावले. समजावताना ती रेशनच्या दुकानातल्या मापाड्याइतकी काटेकोर झाली होती. सुझान कॉलिन्सची ही कादंबरी २००८ सालची. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची आणि त्या २४ जणांना एकच उरेपर्यंत झुंजवायचं, तेही टीव्हीवर, सगळ्यांच्या देखत. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी ती वाढत जाते. घरात खायला नसेल तर आणखी चिठ्ठ्या टाकाव्यात. दर चिठ्ठीमागे एका माणसाला वर्षभर कसंबसं पुरेल इतकं धान्य नि तेल मिळतं. म्हणून सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या २० चिठ्ठ्या आहेत आणि तिच्या अठरा वर्षांच्या मित्राच्या ४२. “जितकी भूक तितक्या चिठ्ठ्या, कळलं का मामा?” असं म्हणून तिने चिवड्याची वाटी माझ्याकडे सरकवली. अर्थशास्त्र मला कॉलेजात कुणी इतक्या थोडक्यात शिकवलं नव्हतं.

त्या पुस्तकात पाव जितक्या प्रेमाने लिहिलाय, तितकं प्रेमसुद्धा लिहिलेलं नाही. अकरा वर्षांची उपाशी मुलगी पावसात भिजत बेकरीच्या मागे उभी आहे. बेकरीवाल्याचा मुलगा दोन पाव मुद्दाम आगीत पाडतो, आईचा मार खातो आणि ते करपलेले पाव तिच्या दिशेने फेकतो. आत अक्रोडबिक्रोड नि बेदाणे आहेत. पोळीच्या कडा ताटात तशाच ठेवून उठणारी माझी भाची हा प्रसंग सांगताना आवंढा गिळते. आमच्या घरात भूक ही साडेचार वाजता लागते आणि पावणेपाचला संपते. कदाचित म्हणूनच अन्नाला इतकं वजन असलेलं एक जग तिला पाहावंसं वाटत असेल.

पण खरी ओळख पटते ती दुसऱ्याच पुस्तकात. व्हेरोनिका रॉथने कॉलेजात शिकत असतानाच ‘डायव्हर्जंट’ लिहिली; ती २०११ साली आली. तिच्यात सोळाव्या वर्षी मुलांची चाचणी होते आणि पाच गटांपैकी एक जन्मभरासाठी निवडावा लागतो. वेगळा गट निवडला, तर घर सुटतं. आपल्याकडे २०१६ साली दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली गेली, तेव्हा त्या चाचणीत क्षेत्रं कितीही असोत, घराघरांत गट तीनच होते: सायन्स, कॉमर्स आणि ‘बघू’. आपल्याकडे घर सुटत नाही हे खरं, पण मामाच्या मित्राचा मुलगा आयआयटीत आहे, हे दर रविवारी जेवताना ऐकून घ्यावं लागतं. कादंबरीतल्या ट्रिसचा कल कुठल्याच एका गटात बसत नाही, आणि चाचणी घेणारी बाई तिला बजावते, की हे कुणालाही सांगू नकोस. पंधरा वर्षांच्या कुठल्या मुलाला हा निकाल आपलाच वाटणार नाही? (या मालिकेचे पुढचे भाग नाही वाचले तरी चालतील, असं माझं मत आहे. भाचीसमोर ते मांडायचा धीर अजून झालेला नाही.)

आम्ही मोठी माणसं मुलांना सांगतो, तू अभ्यास कर, सगळं ठीक होईल. मग त्यांच्या खोलीचं दार लोटून घेऊन आवाज खाली आणतो आणि आटलेल्या धरणांबद्दल, कुणाच्या तरी गेलेल्या नोकरीबद्दल, न फिटणाऱ्या हप्त्यांबद्दल बोलतो. मुलांचे कान फार तिखट असतात. दारापलीकडची ती कुजबुज या पुस्तकांत कुणीतरी मोठ्याने, नावगाव देऊन बोललेली असते, याचाच त्यांना बहुधा मोठा दिलासा वाटतो. सारं काही बिघडलंय, हे एकदा मान्य झालं की मग पुढची गोष्ट सुरू करता येते.

माझ्या वाट्याला त्या वयात नारळीकरांची ‘हिमप्रलय’ आली होती. मुंबईत बर्फ पडतो. केवढं भयंकर संकट! पण मी मात्र शिवाजी पार्कावर बर्फ साचल्यावर कट्टा कसा दिसेल आणि शाळा किती दिवस बंद राहील, याच हिशेबात गढून गेलो होतो. शास्त्रज्ञांची चिंता मला फार नंतर कळली, म्हणजे चिंता करण्यात मी स्वतः तरबेज झालो तेव्हा.

भाचीच्या बरोबरीने आपणही एखादी जगबुडी वाचावी म्हणून मी ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ पुन्हा काढली. ऑर्वेल जन्माने आपल्या बिहारमधल्या मोतिहारीचा, १९०३चा; पुस्तक १९४९चं. कॉलेजात ते वाचताना भिंतीवरच्या त्या डोळ्यांनी माझी झोप उडवली होती. या खेपेला पहिल्याच पानावर अडलो. लिफ्ट बंद आहे. दिवसा वीज तोडलेली आहे. विन्स्टन स्मिथचं वय ३९, घोट्याच्या वर एक जखम, घर सात जिने वर, आणि बिचारा वाटेत थांबत थांबत चढतोय. हुकूमशाही वगैरे सगळं पुढे येणारच होतं, पण माझा जीव त्या जिन्यातच गुंतला. पोरांच्या दुःस्वप्नात आणि मोठ्यांच्या दुःस्वप्नात मुख्य फरक गुडघ्यांचा असावा. कॅटनिस झाडावर चढून बसते. विन्स्टनला घरी पोचायचंय. त्याला शेवटी मोडून टाकतात. तिला कॉलिन्सबाई जिवंत ठेवतात, रात्री दचकून उठणारी का होईना.

हा फरक लष्कराला मात्र कळत नाही. २०१४ साली थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा रस्त्यावरची मुलं कॅटनिसच्या जिल्ह्यातली खूण करून, तीन बोटं वर धरून उभी राहू लागली. त्या बोटांपायी काही जणांना धरून नेलं. एका विद्यार्थ्याला तर भर रस्त्यात सँडविच खात ऑर्वेल वाचल्याबद्दल उचललं. पुढे २०२१ साली म्यानमारमध्येही तीच तीन बोटं वर आली. पालथं पडून वाचायच्या पुस्तकाला रणगाडेवाले इतके बिचकतात, हे मी आजीच्या कानावर घातलं. तिने क्षणभर विचार केला आणि विचारलं, “सँडविच कसलं होतं?”

कॉलिन्सबाईंनी सांगितलंय, की चॅनेलं बदलता बदलता एकीकडे तरुणांची स्पर्धा आणि दुसरीकडे इराकचं युद्ध दिसत गेलं, आणि दोन्ही एकात एक मिसळली. शिवाय लहानपणी वाचलेली ग्रीक कथा मनात होतीच, अथेन्सने सात मुलगे आणि सात मुली मिनोटॉर नावाच्या राक्षसाकडे पाठवायच्या, ती. हे वाचल्यावर मला राहवेना. भाचीला म्हटलं, चल, तुला महाभारतातल्या एकचक्रा नगरीत नेतो.

बकासुर आपल्या लक्षात राहतो तो भीमाने गाडाभर भात फस्त केला म्हणून. पण त्याआधी त्या ब्राह्मणाच्या घरात एक वाद होतो. आज बकासुराकडे जायची पाळी या घराची. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मीच. सगळे रडताहेत. तेवढ्यात धड बोलताही न येणारा धाकटा पोर गवताची एक काडी उचलतो आणि बोबड्या बोलात सांगतो, या काडीने मी त्या राक्षसाला मारीन. त्या दुःखातही सगळ्यांना बरं वाटतं. नेमकी त्याच वेळी कुंती आत येते.

भाचीने शेंगदाणे वेचणं थांबवलं. “पण इतकी वर्षं गावातल्या मोठ्यांनी काय केलं?”

“पाळ्या लावल्या.”

“म्हणजे टाइमटेबल.”

“हो. चोख होतं.”

“आणि त्या मुलाचं पुढे काय झालं?”

“पुढे द्रौपदीचं स्वयंवर आहे.”

“म्हणजे त्याच्यावर दुसरा भागच नाही?” व्यासांनी चांगला हिरो वाया घालवला, असं तिचं मत पडलं. मग जरा थांबून तिने विचारलं, ती काडी साध्या गवताची होती की दर्भाची? कारण दर्भ चांगलाच धारदार असतो. आजोबांच्या वर्षश्राद्धाला तिचं बोट कापलं होतं.

मी म्हटलं, बघून सांगतो.