साडूंच्या शेजारचं हॉटेल

कुठल्याही पाळण्यात न बसणारा माणूस म्हणून आमच्या घराण्यात माझा लौकिक आहे. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत सारं सोलापूर आकाशपाळण्यात फिरत असतं, तेव्हा खाली उभं राहून चपला, पर्सा आणि अर्धवट खाल्लेली कणसं सांभाळायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे मुलांना बेंगळुरूच्या वंडरला या पाळण्यांच्या पार्कात न्यायचं ठरल्यावर बॅगांपाशी कोण बसणार, हा प्रश्न निघालाच नाही. "तुम्ही तिथे काही करणार नाही, निदान हॉटेल तरी बघा," असं सांगून हिने मला कामाला लावलं.

हॉटेल या विषयात मला गती आहे. माझ्या परीक्षेत गादी, एसी आणि फुकट नाश्ता यांना फारसे गुण नसतात. न्हाणीघरात बादली आहे का, दाराला खुंटी आहे का आणि आईला टेकून बसायला पाठीची खुर्ची आहे का, एवढंच मी फोनवर विचारतो. पलीकडचा माणूस 'बादली?' असं दोनदा म्हणाला, की मी ते हॉटेल खोडतो.

या कसोटीवर मॅजेस्टिकमधलं एक लॉज उतरलं होतं. उद्यान एक्सप्रेस दुपारी सोलापूर सोडते आणि सकाळी बेंगळुरूला उतरवते. सकाळी उतरणाऱ्या माणसाला बाराचं किंवा दोनचं चेक-इन म्हणजे शिक्षा. मॅजेस्टिकच्या बऱ्याच लॉजमध्ये अजून चोवीस तासांचा हिशेब चालतो. तुम्ही ज्या वेळी खोलीत शिरलात, त्याच वेळी दुसऱ्या दिवशी सोडायची. माणसाच्या सोयीचा इतका साधा नियम बाकीच्यांनी का मोडला, हे मला कळत नाही. शिवाय स्टेशन हाकेच्या अंतरावर, मेट्रो पायाखाली आणि इडली रस्त्याच्या पलीकडे. मी पैसे भरणार, तोच साडूंचा फोन आला.

साडू व्हाइटफील्डला राहतात. "मी इथे असताना तुम्ही मॅजेस्टिकच्या लॉजवर उतरणार? लोक काय म्हणतील?" आता घरी या म्हणतील, म्हणून मी थांबलो. ते म्हणाले, "आमच्या बिल्डिंगशेजारी एक फर्स्ट क्लास हॉटेल आहे. कंपनीच्या रेटमध्ये देतो." वंडरलाच्या भिंतीला लागून त्याच कंपनीचं ८४ खोल्यांचं रिसॉर्ट आहे, हे मी भीत भीत सुचवून पाहिलं. "त्या जंगलात संध्याकाळी करणार काय?" असं म्हणून त्यांनी ते निकालात काढलं. घरात मतदान झालं. हिचं मत बहिणीला, मुलांचं मत फोटोतल्या स्विमिंग पूलला. आईने मत दिलं नाही, फक्त "बादली आहे का विचार," एवढं म्हणाली. साडूंनी ते विचारलं नाही.

बेंगळुरूशी आपला मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १५३७ मध्ये केंपेगौडांनी वसवलेलं हे गाव शंभरेक वर्षांनी, १६३८ मध्ये, आदिलशाही फौजांनी घेतलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. राजे सकाळी पोचले असते तरी 'रूम दोनला मिळेल' असं त्यांना कुणी सुनावलं नसतं. पुढे १६८७ च्या सुमारास तेच गाव तीन लाख रुपयांत म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांकडे गेलं. आज तेवढ्या पैशांत व्हाइटफील्डला मोटार उभी करण्याइतकी जमीन मिळाली तरी नशीब. व्हाइटफील्ड म्हणजे १८८२ साली अँग्लो-इंडियन मंडळींनी शेती करून राहायला वसवलेली वस्ती. त्या शेताच्या टोकाला, काचेच्या लॉबीत, आम्ही दोन वाजेपर्यंत बॅगांवर बसून होतो. बॅगा मी सांभाळत होतो.

खोली मात्र खरोखर फर्स्ट क्लास होती. पाच माणसांची सोय म्हणून एक मोठा पलंग, एक सोफा आणि भिंतीला उभी करून ठेवलेली जादा गादी. खिडकीतून साडूंची बाल्कनी दिसत होती, तिथे त्यांचे टॉवेल वाळत होते. फिरता फिरता कन्येने विचारलं, "बाबा, ही भिंत काचेची का आहे?"

ती न्हाणीघराची भिंत होती. पलंगावर झोपलेल्या माणसाला आंघोळ करणारा माणूस टाळूपासून टाचेपर्यंत दिसेल, अशी बेतलेली. आत एक पडदा होता. तो दोरी ओढल्यावर खाली यायचा, पण कमरेशी पोचून अडकायचा. त्यामुळे आतल्या माणसाचं डोकं झाकलं जाई आणि उरलेला माणूस ओळखू येई.

आई पदर तोंडाला लावून पलंगाच्या कडेवर बसली. "हे कुणासाठी बांधलंय रे?" तिने अगदी मनापासून विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं आणि त्या उत्तराचा रागही आला. ही हॉटेलं बांधलेली असतात सोमवारी विमानाने येऊन शुक्रवारी परत जाणाऱ्या एकट्या माणसासाठी. तो कंपनीच्या पैशाने राहतो आणि त्याची आंघोळ बघायला खोलीत दुसरं कुणी नसतं. शनिवार-रविवारी हा माणूस घरी जातो, खोल्या ओस पडतात, भाव उतरतो, आणि मग तीच खोली 'फॅमिलीसाठी' म्हणून आपल्या गळ्यात मारतात. काचेऐवजी चार विटा लावायला कुणाचं काय जात होतं? गंमत म्हणजे ज्यासाठी आपण आलो, त्या पार्कचं तिकीट नेमकं शनिवार-रविवारी चढतं. एका हाताने वाचवलेलं दुसऱ्या हाताने जातं, आणि मधल्या वेळात सगळं खानदान एकमेकांना पाठमोरं बसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचं वेळापत्रक केलं. एकाने आत जायचं, बाकीच्यांनी बाहेरच्या व्हरांड्यात उभं राहायचं. पार्क अकराला उघडतो, म्हणून सहाला सुरुवात केली. चिरंजीव आत गेले ते छतातून पडणाऱ्या पावसाखाली अर्धा तास रमले. कन्या बाहेर आली तेव्हा दार आपोआप लागलं आणि किल्लीचं कार्ड आत राहिलं. ही तेव्हा ओले केस बांधून व्हरांड्यात होती, मी टॉवेलवर होतो, आणि समोरच्या खोलीतून टाय बांधलेला एक गृहस्थ निघाला. त्याने 'गुड मॉर्निंग' म्हटलं. मीही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आठ वाजले तरी आई जागची हलली नव्हती. "मला बादली आणून दे. त्या पावसात मी उभी राहायची नाही." मी रिसेप्शनला फोन केला. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत बादली मागितली. पलीकडून तिन्ही वेळा 'आइस बकेट?' असा प्रश्न आला, आणि शेवटी खरंच बर्फ आला.

बर्फ घेऊन आलेला पोरगा विशीचा होता. आईने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "याऊरप्पा निंदु?"

पोरगा दचकलाच. "इंडी री," म्हणाला.

इंडी विजयपूर जिल्ह्यात, भीमेच्या पलीकडे. आईचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, भीमेच्या अलीकडे. मधे एक नदी आणि एक राज्याची हद्द, बोली तीच. पुढची दहा मिनिटं त्या दोघांनी आम्हाला मोजलंच नाही. कुणाची शेती किती, पाऊस झाला का, त्याची बहीण कुठे दिली, ज्वारीची भाकरी इथे मिळते का. आई हसत होती. आमच्या घरात कन्नड कुणाला येत नाही. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती मराठीतच राहिली आहे, आणि आजी गेल्यावर तर माहेरीही तिच्याशी तसं बोलणारं उरलं नाही. तिचा आवाज या भाषेत जरा वर लागतो आणि ती हातवारे करते, हे मी विसरून गेलो होतो. तिला तिथेच बोलत बसू द्यावं आणि वंडरला राहू द्यावं, असं मला क्षणभर वाटलं.

पोरगा गेला आणि स्टाफच्या न्हाणीतली लाल बादली घासून घेऊन आला. सोबत मग. शिवाय एक जाडी चादर, ती त्याने काचेवर वरून चिकटपट्टीने डकवली. आईची आंघोळ दहा मिनिटांत झाली.

मग मेट्रो. व्हाइटफील्ड हे जांभळ्या मार्गाचं पूर्वेचं टोक आणि चल्लघट्टा हे पश्चिमेचं. वंडरला पश्चिमेच्याही पुढे, म्हैसूर रस्त्यावर बिडदीच्या अलीकडे. हा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये सलग सुरू झाला, लांबी ४३ किलोमीटरच्या वर, स्टेशनं ३७. साडूंच्या कृपेने आम्ही त्यांतलं एकही चुकवलं नाही. तिकीट माणशी ९० रुपये, म्हणजे २०२५ च्या भाडेवाढीनंतरचं सगळ्यांत महाग. वाटेत मॅजेस्टिक आलं तेव्हा मी हिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघू लागली. मॅजेस्टिक जमिनीखाली आहे, बाहेर फक्त अंधार होता. चल्लघट्ट्याहून पुढे रिक्षा. दारात पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

वंडरला छान आहे. २००५ पासून आहे. काढलं कोचौसेफ चिट्टिलप्पिळ्ळी यांनी, म्हणजे व्ही-गार्डचे स्टॅबिलायझर विकणाऱ्या गृहस्थांनी. लोकांच्या घरातली वीज स्थिर करून झाल्यावर त्यांनी लोकांना अस्थिर करायचा धंदा काढला. तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं: १४० सेंटिमीटरच्या आत मुलाचं, वर मोठ्याचं. मोठ्या राइड्सनाही उंची लागते. म्हणून तिकिटाच्या खिडकीशी मूल बुटकं असावं लागतं आणि 'रिकॉइल'च्या रांगेत उंच. चिरंजीवांना आम्ही सकाळपासून वाकून चालायला लावलं होतं. आत गेल्यावर ते ताठ झाले, तरी पट्टीपाशी थोडे कमीच पडले आणि रडले. पाण्यात साडी चालत नाही, सुतीही चालत नाही, नायलॉनसारखं कापड लागतं. त्यामुळे आई माझ्याजवळ बॅगांपाशी बसली. आम्ही शेंगाचटणीशी कडक भाकरी खाल्ली, आणि पोरगं माणसाळलेलं होतं हो, असं ती इंडीच्या पोराबद्दल पुन:पुन्हा म्हणत राहिली.

संध्याकाळी पुन्हा तीच ३७ स्टेशनं, ओल्या नायलॉनसकट. साडू हॉटेलच्या लॉबीत वाट बघत होते. "काय, सोयीचं पडलं ना?" त्यांनी विचारलं.

वाचकहो, मुलांना घेऊन वंडरलाला जाणार असाल तर मॅजेस्टिकला उतरा, नाहीतर पश्चिमेला केंगेरीच्या बाजूला, आणि आधी फोन करून न्हाणीघराच्या भिंती कशाच्या आहेत ते विचारा. सोलापूरकरांना तर तेवढीही तसदी नको. याच कंपनीचं वंडरला २०१६ पासून हैदराबादेत आहे. सोलापूरहून हैदराबाद तीनशे किलोमीटर, बेंगळुरू त्याच्या दुप्पट, आणि हैदराबादेत आमचे कुणी साडू राहत नाहीत.